मधले बारा बाइट



स्वागताध्यक्षांनी माझ्याबद्दल जे सांगितलं त्यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते विचारू नका. प्रथेप्रमाणे अध्यक्षानं वर्षभरातल्या कामाचा आढावा घ्यायचा असतो. मी तो लिहून आणलाय. नऊ पानं झालीत. वाचून किती होतील ते बघू.

कारण कालपासून मी पहिल्या रांगेत बसून ऐकतोय. कंपायलरवर दोन सत्रं झाली, कर्नलवर एक झालं. कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरच्या वाट्याला वीस मिनिटं आली, तीही जेवणाच्या तोंडावर, अर्धा हॉल भाताच्या वासाकडे लागलेला असताना. आणि त्या वीस मिनिटांत विषय काय, तर कुठला लिंकर किती वेगानं पळतो. २००८ मध्ये गोल्ड आला, मग एलएलडी, मग मोल्ड. मोल्ड लिहिणाऱ्या रुई उएयामा यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, गैरसमज नको. पण हा वेग कोणाचा? तुमच्या-माझ्या टेबलावरच्या यंत्राचा. चहा येईपर्यंत बिल्ड व्हायचं ते आता कप उचलेपर्यंत होतं, छान आहे. पण लिंकरनं जोडलेला तो कोड खिशातल्या फोनवर दिवसातून किती वेळा पळतो, आणि तिथं एकेक फंक्शन कॉल किती आडवळणानं जातो, यावर काल एक अवाक्षर निघालं नाही. मी वीस वर्षं हे अवाक्षर निघायची वाट बघतोय. आज माईक माझ्या हातात आहे.

आधी मुळाशी जाऊ. नव्या मुलांसाठी थोडंसं, जुन्यांनी मोबाइल बघितला तरी चालेल. फोनमधल्या एआरएम प्रोसेसरची बीएल ही कॉलची इन्स्ट्रक्शन बत्तीस बिटांची. त्यातले चोवीस बिट अंतर सांगायला. चार-चार बाइटांच्या पावलांनी मोजलं तर पुढे ३२ एमबी, मागे ३२ एमबी. त्यापलीकडचं घर या इन्स्ट्रक्शनला दिसतच नाही. थम्ब या एआरएमच्याच आखूड इन्स्ट्रक्शनांच्या कोडमध्ये सुरुवातीला ही नजर ४ एमबीपर्यंतच जायची, थम्ब-टूमध्ये १६ झाली. ६४ बिटांच्या एआरएममध्ये अंतराला सव्वीस बिट मिळाले, म्हणजे दोन्ही बाजूंना १२८ एमबी. मग त्याहून लांब जायचं तर? लिंकर मध्ये एक छोटा थांबा बांधतो. बीएल थांब्यापर्यंत येते, थांबा पुढच्या गाडीत बसवून देतो. एआरएमच्या कागदपत्रांत त्याला व्हिनियर म्हणतात, एलएलडीवाले थंक म्हणतात. व्हिनियर म्हटलं की आमच्या घरी सुतार आठवतो. त्याचं काम वरून दिसतं. हे कुणाला दिसत नाही. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

२००३ सालची गोष्ट. एका फोनच्या रिंगटोनचं काम आमच्याकडे होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही, आता तो फोन माझ्या ड्रॉवरशिवाय कुठं नसेल. प्रोसेसर एआरएम-सेव्हन-टीडीएमआय. पॉलिफोनिक रिंगटोनचे सूर एकत्र मिसळणारं रूटीन हातानं असेंब्लीत लिहिलेलं होतं आणि अनेक महिने सुरळीत वाजत होतं. फ्लॅश भरत आली, म्हणून एका सहकाऱ्यानं त्या रूटीनचं एक छोटं मदतनीस फंक्शन सी-मध्ये लिहून थम्बमध्ये कंपाइल केलं. थम्बची इन्स्ट्रक्शन दोन बाइटांची, तेवढीच जागा वाचली. दुसऱ्या दिवसापासून फोन किंचाळायला लागला. नेहमी नाही. काही मोठ्या आवाजाच्या रिंगटोनमध्येच, मध्येच एकदा, कानाचे पडदे फाटतील असा. कारण ते मदतनीस फंक्शन फक्त सुरांची बेरीज मर्यादेबाहेर गेली तरच बोलावलं जायचं.

आधी संशय स्पीकरवर गेला. मग बॅटरीवर. मग, नेहमीप्रमाणे, कंपायलरवर. आम्ही लिस्टिंग कागदावर छापून भिंतीला चिकटवली. आवाजाची पातळी आर-ट्वेल्व्ह या रजिस्टरमध्ये होती. बोलावणारा कोड बघितला, तो आर-ट्वेल्व्हला हात लावत नव्हता. बोलावलेलं फंक्शन बघितलं, थम्बमधलं, आर-शून्य ते आर-सातच्या पलीकडे गेलेलंच नव्हतं. दोघंही साळसूद. आणि तरी परत आल्यावर आर-ट्वेल्व्हमध्ये भलताच आकडा. अकराव्या रात्री जेटॅग लावून मी त्या आकड्याकडे बघत बसलो होतो आणि एकदम लक्षात आलं की तो विषम आहे. आवाजाच्या पातळीला सम-विषमाचं काही नाही. पण थम्ब फंक्शनचा पत्ता देताना शेवटचा बिट एक असतो, म्हणजे तो पत्ता कायम विषम. आमच्या रजिस्टरमध्ये आवाज नव्हता, त्या फंक्शनच्या घराचा पत्ता होता.

लिंकरनं काय कुठं ठेवलं ते सांगणारी मॅप फाइल उघडली. तिथं डॉट-ग्लू-सेव्हन नावाचा एक सेक्शन होता, आणि त्यात आमच्याच फंक्शनचं नाव, मागे 'फ्रॉम एआरएम' अशी शेपटी जोडून. या प्रोसेसरच्या बीएलला एआरएममधून थम्बमध्ये जाता जाता अवस्था बदलता येत नाही. म्हणून लिंकरनं मध्ये तीन शब्द घातले होते: पत्ता आर-ट्वेल्व्हमध्ये आण, तिकडे उडी मार, आणि खाली तो पत्ता. बारा बाइट. आम्ही कुणी लिहिले नव्हते, कुठल्या लिस्टिंगमध्ये नव्हते, भिंतीवर तर नव्हतेच.

आता इथं टाळ्या वाजवायच्या आधी ऐका. चूक लिंकरची नव्हती. एआरएमच्या कॉल-संकेतांत आर-ट्वेल्व्हचं दुसरं नावच आयपी आहे, आणि कॉल निघाल्यापासून पोचेपर्यंत लिंकरनं ते वापरलं तरी चालेल असं तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. चूक असेंब्ली लिहिणाऱ्याची होती. ते असेंब्ली मी लिहिलं होतं.

काल संध्याकाळी या हॉलबाहेर जो वाद रंगला, त्यात मला ओढलं नाहीत म्हणून आत्ता बोलतो. व्हिनियर डोळ्यांआड राहतं, म्हणून सरसकट लाँग-कॉल्सचा पर्याय लावावा, म्हणजे प्रत्येक कॉल कंपायलरच रजिस्टरमधून करील, असं आपल्यातल्या काही तरुण मंडळींचं म्हणणं. मीही त्या अकरा रात्रींनंतर घाबरून हेच केलं होतं. चार बाइटांच्या एका बीएलच्या जागी पत्ता आणा, परतीची जागा नोंदवा, उडी मारा, अधिक पत्त्याचा शब्द, असे सोळा बाइट झाले. एका फंक्शनमधल्या कॉलांनी शब्द वाटून घेतला तरी बारा. बिल्ड पूर्ण झालं आणि फ्लॅशमध्ये मावेना. सहकाऱ्यानं थम्ब करून वाचवलेली जागा मी एका दुपारीत उधळली होती. तो मला काही बोलला नाही, फक्त मॅप फाइलचं शेवटचं पान माझ्या टेबलावर ठेवून गेला.

कंपायलरला एक फाइल दिसते. शेजारच्या फाइलमधलं फंक्शन दोनशे बाइटांवर बसणार की वीस एमबीवर, हे त्याला कसं कळणार? ते कळतं फक्त लिंकरला, सगळी घरं मांडून झाल्यावर. ज्याला अंतर माहीत आहे त्याला ठरवू द्या. माझ्या लेखी हा वाद तिथंच संपतो.

आणि लिंकरचं ठरवणंही काही सोपं नाही. एक थांबा घातला की मागचा सगळा कोड थोडा सरकतो. सरकला की कालपर्यंत टप्प्यात असलेला कॉल टप्प्याबाहेर जातो, मग त्यालाही थांबा लागतो. असं फिरून फिरून, काही हलेनासं होईपर्यंत. थांबे ठरावीक अंतरांवर एकत्र बांधायचे, एका थांब्यावर अनेक कॉलांना उतरवायचं, एकमेकांना सतत बोलावणारी फंक्शनं मुळात शेजारी बसवायची, ही खरी कामं. ३२ बिटांच्या फोनवर एखाद्या मोठ्या ब्राउझरची लायब्ररी १६ एमबीच्या पलीकडे सहज जाते, तिथं यातलं एकेक पाऊल मोजायला मिळतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. माझे वडील वाईला पोस्टमन होते. गावातलं एखादं कुटुंब घर बदलायचं तेव्हा पत्रं काही दिवस जुन्या पत्त्यावर यायची, वडील त्यावर आडवी रेघ मारून नवा पत्ता घालायचे. पण त्यांना घर माहीत झालं की पत्र पिशवीत भरतानाच ते नव्या घराच्या गठ्ठ्यात जायचं. शेअर्ड लायब्ररीत हीच व्यवस्था आहे, फक्त तिथले पोस्टमन कधी शहाणे होत नाहीत. पीएलटी नावाच्या तक्त्यात प्रत्येक फंक्शनसाठी एक जुना पत्ता, जीओटी नावाच्या तक्त्यात नवा. ६४ बिटांत एकेका पीएलटी नोंदीत चार इन्स्ट्रक्शन, सोळा बाइट. फंक्शन दुसऱ्या लायब्ररीत असेल तर याला इलाज नाही, पत्ता लोड होईपर्यंत ठरतच नाही. पण स्वतःच्या लायब्ररीतल्या, शेजारच्या फाइलमधल्या फंक्शनसाठीसुद्धा आपण या जुन्या घरावरून जातो. का? तर आपण ते नाव जगाला उघडं ठेवलंय, आणि उघड्या नावाची जागा दुसरी एखादी लायब्ररी घेऊ शकते, या शक्यतेचा मान लिंकरला राखावा लागतो. पहिल्या कॉलला पत्ता शोधायचा, पुढे तोच वापरायचा, ही आळशी जोडणीची सोय पीएलटीचं एक मोठं समर्थन होतं. अँड्रॉइडच्या बायॉनिक या सी-लायब्ररीत ती सोयच नाही. सगळे पत्ते लायब्ररी लोड होतानाच भरले जातात. सोय गेली, वळसा राहिला.

मी गेल्या काही वर्षांत सल्ला द्यायला म्हणून ज्या ज्या ठिकाणी गेलो, तिथं पहिल्यांदा लायब्ररीतली उघडी नावं मोजायला सांगतो. नावांच्या यादीचा कागद जमिनीला लागतो. मग विचारतो, बाहेरून यातली किती लागतात? जावाकडून बोलावली जाणारी काही आणि जेएनआय-ऑनलोड, बहुतेक वेळा बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची लपवा म्हटलं की चेहरे पडतात. एकदा एक टीम लीड मला म्हणाले, "सर, हे लिंकरचं काम आहे ना?" हो, पण कोणतं नाव घरातलं आणि कोणतं पाहुण्यांसाठी, हे लिंकरला तुम्ही सांगणार की मी?

अजून एक, आणि मग थांबतो. कॉर्टेक्स-ए-एटमध्ये दोन पानांच्या सीमेवर बसलेली थम्ब-टूची ब्रँच विशिष्ट परिस्थितीत चुकीच्या जागी जाऊ शकायची. पान म्हणजे ४ केबीचं. कॉर्टेक्स-ए-फिफ्टीथ्रीमध्ये पानाच्या शेवटच्या दोन शब्दांत एडीआरपी ही पत्ता काढणारी इन्स्ट्रक्शन आली की पुढच्या काही इन्स्ट्रक्शन मिळून चुकीचा पत्ता निघू शकायचा. सिलिकॉन विकून झालं होतं, फोन लोकांच्या खिशात होते. दोन्ही वेळी उपाय कुणी केला? लिंकरनं. तो कोड चाळतो, धोक्याची जागा सापडली की तिथली इन्स्ट्रक्शन उचलून बाजूच्या थांब्यावर नेतो. फोन विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ता नाही, आणि आपल्या सत्रांच्या यादीतही नाही. कंपायलरच्या पाठ्यपुस्तकांनी कपाट भरतं. लिंकरवर सगळ्यांना ठाऊक असलेलं पुस्तक म्हणजे जॉन लेव्हिन यांचं, तेही शतक बदलतानाचं. आपल्या मुलांना ढमढेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात लिंकरचं प्रकरण भेटतं, आणि परीक्षेला पर्यायात टाकायला ते बरं पडतं. मीसुद्धा विद्यार्थी असताना लिंकर असाच पर्यायात टाकला होता, हे इथं कबूल करतो.

तर पुढचं काम. मराठीत लिंकरवर एक लहान पुस्तिका व्हावी असं वाटतं. कोणी लिहावी, किती पानांची, ते बसून ठरवू. प्रत्येकानं आपापल्या प्रकल्पातल्या व्हिनियरची आणि पीएलटी नोंदींची मोजणी करून परिषदेकडे पाठवावी. नमुना तक्ता मी करतो म्हणालो होतो, करीन. पुढच्या वर्षी लिंकरला एक पूर्ण सत्र द्यावं, सकाळचं, याबद्दल कार्यवाहांशी बोलणं झालंय. ते 'बघू' म्हणाले.

ही चिठ्ठी आली, वेळ संपल्याची. आढाव्याची नऊ पानं नोंदणीच्या टेबलावर ठेवतो. आणि तो २००३चा फोन मी आज बरोबर आणलाय, बॅटरी धरून आहे अजून. जेवताना कुणाला ऐकायचा असेल तर रिंगटोन लावून दाखवतो. जुन्याच बिल्डची आहे. दुसऱ्या ओळीत कान सांभाळा.