पडद्यावर पट्टे आले म्हणजे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या दिवशी एकीने विचारले, की संगणकावर चित्रपट लावला की हिरवे-जांभळे पट्टे येतात, तर नवे यंत्र घ्यावे काय? तिला दिलेले उत्तरच आज सविस्तर सांगते. मी इंजिनियर नव्हे. पण दोष कोठे आहे हे कळेपर्यंत पैशाला हात लावू नये, एवढे मला अनुभवाने कळले आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींचेच पाहा. त्यांच्या यजमानांच्या साठीशांतीचा व्हिडिओ पुतण्याने फोनवर घेतला होता. पुढे यजमान वारले. वर्षश्राद्धाच्या आधी वहिनींनी तो संगणकावर लावला, तो आवाज येई आणि माणूस दिसेना. नुसता काळा पडदा! दुकानदार म्हणाला, "फाइल गेली, शिवाय कार्डही बदलावे लागेल." वहिनींचा चेहरा मला पाहवेना.

फाइल शाबूत होती. गादी गुंडाळून दोरीने आवळतो, तसे चित्रही थोड्या जागेत मावावे म्हणून आवळून ठेवतात. पुष्कळ नवे फोन हे काम एचईव्हीसी, म्हणजे एच. २६५ या पद्धतीने करतात. ही पद्धत २०१३ सालची. तिच्या आधीची एच. २६४ ही २००३ ची. नवीत तेच चित्र साधारण निम्म्या जागेत मावते, पण ती गाठ सोडवणे प्रत्येक संगणकाला येत नाही. आवाजाची गाठ निराळी, म्हणून तो तेवढा सुटतो.

आम्ही व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर घातला. ही गाठ सोडवण्याची सोय त्याच्यात आधीच असते. चित्र आले, पण चेहऱ्यावर हिरवे चौकोन! प्लेअर हे काम ग्राफिक्स कार्डावर सोपवतो आणि जुन्या कार्डाला ते कधीकधी झेपत नाही. टूल्स, प्रेफरन्सेस, मग इनपुट-कोडेक्स येथे जाऊन 'हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड डीकोडिंग' बंद केले आणि प्लेअर पुन्हा उघडला. काम मुख्य प्रोसेसरवर आले. चित्र जरा अडखळत चालले खरे, पण वहिनी ओरडल्याच, "अहो, हे दिसले!" ओवाळणाऱ्या बायकांच्या गर्दीत बिचारे संकोचून बसले होते.

यूट्यूबवर असे झाले तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहावे.

व्हिडिओ बंद असतानाही पट्टे दिसत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रिंट स्क्रीनची कळ दाबून पडद्याचे चित्र घ्यावे आणि ते फोनवर पाठवून पाहावे. फोनवरही पट्टे दिसले, तर दोष संगणकात. कार्डात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये. फोनवर चित्र स्वच्छ असले, तर बहुधा केबल, तिचे तोंड किंवा मॉनिटर. पुष्कळदा झाडलोट करताना केबलच ढिली झालेली असते! संगणक सुरू होताना, विंडोज यायच्या आधीपासूनच पट्टे असतील, तर ड्रायव्हर बदलून काही होणार नाही. केबल व मॉनिटर ठीक असतील, तर कार्ड दाखवावे. ड्रायव्हर अडकल्याची शंका असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्या. पडदा क्षणभर काळा होतो, घाबरू नये. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

आणि दुरुस्तीला यंत्र देण्यापूर्वी घरच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवावी. वहिनींची आता माझ्या कपाटातही एक आहे.