घर क्रमांक 124

1856 च्या जानेवारीत ओहायो नदी गोठली होती. केंटकीतल्या मळ्यांवरून निसटलेलं आठ जणांचं एक कुटुंब रात्री त्या बर्फावरून चालत सिनसिनाटीला पोहोचलं. केंटकीत गुलामगिरी चालू होती, ओहायोत बंद. पण 1850 च्या कायद्यामुळं पळालेल्या गुलामाला तिथूनही धरून नेता येई. पकडायला माणसं दाराशी आली, तेव्हा मार्गारेट गार्नर या आईनं आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. पोरगी पुन्हा मळ्यावर जाऊ नये म्हणून.

कोर्टातला वाद तर अंगावर काटा आणणारा. गुलामगिरीचे विरोधकच म्हणत होते, हिच्यावर खुनाचा खटला चालवा! कारण खुनी ठरायला आधी माणूस असावं लागतं. ती मालमत्ता ठरली आणि मालकाच्या हवाली झाली.

या घटनेचं जुनं कात्रण लेखिका टोनी मॉरिसन यांच्या हाती लागलं, त्या एका प्रकाशनसंस्थेत संपादक असताना. त्यातून 1987 मध्ये ‘बिलव्हेड’ ही कादंबरी आली. कथा सुरू होते 1873 मध्ये, सिनसिनाटीतल्या 124 क्रमांकाच्या घरात. त्याच वर्षी इकडं जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ निघालं, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलेलं. मराठी वाचक या सालापाशी क्षणभर थबकतो.

गुलामगिरीवरच्याच, हॅरिएट बीचर स्टोव यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीच्या 1852 मध्ये, पहिल्याच वर्षी, अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. त्या पुस्तकात कुणासाठी रडायचं आणि कुणाचा राग करायचा, हे वाचकाला नेमकं ठाऊक असतं. रडून झालं की तो मोकळा. मॉरिसन ही सोय ठेवत नाहीत.

मुलीच्या हत्येचा प्रसंग त्या प्रथम आईच्या नव्हे, पकडायला आलेल्यांच्या नजरेतून दाखवतात. मालक हिशेब मांडतो: माल बिघडला, आता नेण्यात अर्थ नाही. वाचकही क्षणभर त्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो, आणि ते ध्यानात येताच चरकतो. पुढं त्या आईला जीव लावणारा, स्वतः गुलामी सोसलेला पुरुषसुद्धा सगळं कळल्यावर तिला जनावराच्या पंक्तीला बसवतो. निवाडा करायची घाई किती सहज होते, हे वाचकाला इथं स्वतःतच सापडतं. पुस्तक मिटलं तरी आईला दोषी म्हणवत नाही, निर्दोषही म्हणवत नाही. काहींना हे असह्य होतं. ते अर्ध्यात सोडतात. त्यांना नावं कशाला ठेवा?

गुलामांच्या आठवणीसाठी रस्त्याकडेला एखादं बाकसुद्धा नाही, अशी खंत मॉरिसन यांनी 1989 मध्ये बोलून दाखवली होती. 2008 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या सलिव्हन्स बेटावर, जिथं आफ्रिकेतून आणलेली असंख्य माणसं उतरवली गेली, मॉरिसन यांच्या वाचकांनी एक काळं पोलादी बाक बसवलं. उद्घाटनाला मॉरिसन स्वतः आल्या आणि त्यावर बसल्या.