करप्याची भूक

मुळशीच्या खाचरातला आंबेमोहोर शिजू लागला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. पण करप्याला तो लवकर बळी पडतो. गेल्या भादव्यात एका शेतकऱ्याने मला पानं दाखवली. डाग डोळ्यासारखे, मधे राखाडी, कडेला तपकिरी. म्हणाला, "चाचा, युरियानं भात कसा हिरवागार झाला, अन् मग हे."

करपा पाडते ती बुरशी. तिलाही नत्र लागतं. अमोनियम किंवा ग्लुटामीन मिळालं तर ती दुसरीकडे बघत नाही. दस्तरखानावर बिर्याणी असताना शिळी भाकरी कोण शोधतो? नायट्रेट, प्रथिनं वापरणाऱ्या जनुकांना तेव्हा कुलूप असतं. सोपं नत्र संपलं की एक मुख्य जनुक ती कुलपं काढायला लागतं. नायट्रेटचं कुलूप तर नुसत्या उपासानं उघडत नाही, नायट्रेट समोर असावं लागतं. केंब्रिजच्या आर्स्ट आणि कोव्ह यांनी १९७३ साली अ‍ॅस्परजिलस या बुरशीत या मुख्य जनुकाचं काम मांडलं.

करप्याच्या बुरशीतही तसंच जनुक आहे, 'नट-वन'. ते बंद पाडलं की रोग गेला, असं वाटेल. १९९६ साली संशोधकांनी ते मोडलं. बुरशीला कितीतरी प्रकारचं नत्र वापरता येईना, पण भातावर रोग पाडायची ती काही थांबली नाही.

जास्त युरियानं पान लुसलुशीत होतं आणि करप्याचं फावतं. मी म्हटलं, खत दोन-तीन हप्त्यांत द्या. तो हसला. "गोणी मिळंल तवा टाकायची, चाचा. हप्ते कुठले?"