धर्मशाळेतील दिवे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



डोंगरावरील आपल्या धर्मशाळेपर्यंत विजेची तार अद्याप पोहोचलेली नाही. म्हणून आम्ही तेथे सौर दिवे बसविले. परंतु पहिल्याच पावसाळ्यात ते विझले. दोष सर्वस्वी आमचाच होता. दिव्यांपुरत्या आणलेल्या बॅटरीवर आम्ही रात्ररात्र पंखाही चालविला.

त्यानंतर आम्ही हिशेब मांडला. ९ वॅटचे ८ एलईडी दिवे रोज ५ तास लावावयाचे, तर ३६० वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी १२०० वॅट-तास साठविते; परंतु ती वारंवार निम्म्याहून अधिक रिती केल्यास लवकर निकामी होते. म्हणजे हाताशी ६०० वॅट-तासच राहतात; ते दोन रात्रीही पुरत नाहीत. आषाढात तर सूर्यदर्शन कित्येक दिवस होत नाही. यास्तव आम्ही तशीच दुसरी बॅटरी जोडली, पंखा काढला आणि झडीच्या दिवसांत दोनच दिवे लावण्याचा नियम केला. आता भरलेल्या बॅटऱ्या तेरा रात्री पुरतात.

एक विनंती आहे. सौर पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते आणि त्यास देणगीदारही मिळतो. बॅटरी मात्र काही वर्षांनी बदलावी लागते, तिच्यात वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे लागते. त्या खर्चास कोणी पुढे येत नाही. तरी प्रत्येक कुटुंबाने यथाशक्ति वार्षिक वर्गणी या निधीस द्यावी, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.