पडद्यावरील मौन आणि प्रेक्षकाची ओळख

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



दूरचित्रवाणीवरील उभयलैंगिक पात्रांचा प्रश्न चळवळीच्या व्यासपीठावर कशासाठी आणावा, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या माध्यमाची मालकी भांडवलाकडे आहे आणि ज्याचा खर्च जाहिरातींतून भागतो, ते माध्यम कोट्यवधी माणसांना स्वतःकडे कसे पाहावे हेही शिकवीत असते. म्हणून हा प्रश्न आपला आहे. स्त्री आणि पुरुष या दोहोंविषयी आकर्षण असणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत अमेरिकन दूरचित्रवाणीने दीर्घकाळ पाळले ते मौन.

या व्यक्ती दूरचित्रवाणीने घडविल्या, हा आरोप टिकत नाही. १९४८ साली, दूरचित्रवाणी अमेरिकेत घराघरांत पोचण्यापूर्वीच, आल्फ्रेड किन्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडून दाखविले की, माणसे दोन बंद कप्प्यांत विभागलेली नसतात. मधल्या पायऱ्यांवरही असतात. गॅलप संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, स्वतःला लैंगिक अल्पसंख्य म्हणविणाऱ्या अमेरिकन प्रौढांपैकी ५४.६ टक्के उभयलैंगिक होते. हा समूह अल्पसंख्यांतील बहुसंख्य होय. पडद्यावर मात्र त्याला नावानिशी जागा मिळण्यास अनेक दशके लागली.

जॉर्ज गर्बनर आणि लॅरी ग्रॉस या अभ्यासकांनी १९७६ साली अशा अनुपस्थितीला प्रतीकात्मक उच्चाटन म्हटले. पडद्यावर स्थान असणे म्हणजे सामाजिक अस्तित्व मान्य होणे, आणि नसणे म्हणजे ते पुसले जाणे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

हे उच्चाटन चालते कसे? १९९१ च्या फेब्रुवारीत एनबीसीच्या ‘एल. ए. लॉ’ या मालिकेत सी. जे. लॅम्ब ही वकील आपल्या स्त्री सहकाऱ्याचे चुंबन घेते. लगेच काही जाहिरातदारांनी पाठ फिरविली आणि त्या दोघींच्या संबंधाचे कथानक पुढे फारसे सरकले नाही. सी. जे. स्वतःला ‘लवचिक’ म्हणविते. नेमका शब्द उच्चारीत नाही. २००० साली ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेच्या एका भागात तर उभयलैंगिकता म्हणजे अन्य मुक्कामाकडे जाताना लागणारे मधले स्थानक, अशी तिची टिंगल करण्यात आली. पहिल्या ठिकाणी नाव टाळले गेले. दुसऱ्या ठिकाणी नाव घेतले गेले, पण ते खोटे ठरविण्यासाठी.

ज्याला अशा मालिका एकट्याने पाहाव्या लागतात, त्याची अवस्था ध्यानात घ्या. आपल्या भावनेला नाव नाही, आणि असलेच तर ते हास्यास्पद आहे, हा धडा तो पुन्हा पुन्हा घेतो. आपण अद्याप निर्णय घेऊ न शकलेले, अस्थिर, कदाचित अप्रामाणिक आहोत, असे त्याला वाटू लागते. व्यवस्थेने निर्माण केलेला दोष तो स्वतःच्या स्वभावात शोधतो.

याच्या उलट उदाहरण डिसेंबर २०१७ मधील ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’चे. पोलीस अधिकारी रोझा डियाझ आपण उभयलैंगिक असल्याचे सहकाऱ्यांना आणि मग आईवडिलांना सांगते. पुरुषही आवडतात ना, मग लग्न पुरुषाशीच होऊ शकेल, असा दिलासा आईवडील स्वतःला देऊ पाहतात. तेव्हा ती स्पष्ट करते की, जोडीदार स्त्री असो वा पुरुष, तिची ओळख बदलणार नाही. ही भूमिका करणाऱ्या स्टेफनी बीट्रिझ यांनी स्वतः उभयलैंगिक असल्याचे २०१६ साली जाहीर केले होते. त्या प्रसंगाने प्रेक्षकाला नवी प्रवृत्ती दिली नाही. जी होती तिला शब्द दिला, आणि घरी तो कसा उच्चारावा याचा नमुना दिला.

परंतु बाजाराने दिलेले बाजार परतही घेतो. पाचच महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, फॉक्स वाहिनीने ही मालिका बंद केली. एनबीसीने ती लगेच उचलली, हे खरे. पण निर्णय दोन्ही वेळा कंपनीचा होता, प्रेक्षकांचा नव्हे. म्हणून पडद्यावरील प्रत्येक पात्राला मुक्ती समजणे जितके चूक, तितकेच त्याला भांडवली चैन म्हणून झटकून टाकणेही चूक.

भारतात या मालिका इंटरनेटद्वारे पोचल्या आहेत. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. कायद्याची भीती हटली. शब्दाचे दारिद्र्य मात्र उरले. मराठीत ‘उभयलिंगी’ म्हटले की शालेय जीवशास्त्रातील गांडूळ आठवते. ज्या भाषेत तरुण मुलगा वा मुलगी आपली ओळख सन्मानाने उच्चारू शकत नाही, त्या भाषेत ती घरी तरी कशी सांगणार?

हे काम दूरचित्रवाणी कंपन्यांवर सोपवून चालणार नाही. आपल्या युनियनमध्ये, विद्यार्थी व महिला संघटनांत, आपल्या पत्रांतून हा शब्द टिंगलीविना उच्चारला गेला पाहिजे. जो साथी आपल्यासमोर तो उच्चारील, त्याला ‘नक्की काय ते ठरव’ असे न सांगणे, ही आपली पहिली जबाबदारी होय.