क्वाडची जुळणी : आधी माप, मग इंजिन

(थाटीपुर, ग्वाल्हेर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



क्वाड कशी दिसते हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. टेकनपूरची सीमा सुरक्षा दलाची अकादमी आपल्या शेजारीच आहे, आणि हेच दल कच्छच्या रणात गस्तीसाठी चार फुगीर चाकांच्या या गाड्या वापरतं. पण ती कामाची क्वाड. ती ओझं वाहते, दलदलीतून चालते, चारही चाकांना जोर देते. शर्यतीच्या क्वाडची जात वेगळी. वजनाला हलकी, एकच माणूस बसेल अशी, हाताने क्लच दाबायचा आणि जोर फक्त मागच्या चाकांना, तोही चेनने. मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत, एकमेकांना खेटून वळणं घेत ही पळते. अशी क्वाड शर्यतीसाठी जुळवायची कशी, हा आजचा विषय.

थोडा इतिहास. आधी तीनचाकी होत्या. त्या वळणावर उलटत, माणसं दगावत, लहान मुलं तर फारच. शेवटी 1988 साली अमेरिकेत सरकारशी झालेल्या कराराने कंपन्यांनी तीनचाकींची विक्री थांबवली. तोवर सुझुकीची क्वाडरेसर आणि होंडाची टीआरएक्स 250 आर या चारचाकी मैदानात उतरल्या होत्या. 2004 मध्ये यामाहाची वायएफझेड 450 आली. तिची रुंदी सुमारे 46 इंच. ज्यांना मोटोक्रॉस खेळायचं होतं त्यांनी ती घेतली आणि पहिल्याच आठवड्यात पुढची चाकं धरणारे ए-आर्म आणि मागचा ॲक्सल बदलून तिला 50 इंचांपर्यंत नेलं. अमेरिकेतल्या शर्यतीच्या नियमांत तीच कमाल मर्यादा आहे. 2009 ची वायएफझेड 450 आर यामाहाने कारखान्यातूनच सुमारे 49 इंच रुंद काढली. खेळाडू पदरचे पैसे खर्चून जे करत होते ते कंपनीने मान्य केलं.

या चार इंचांचं एवढं काय? गाडी आडवी होणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं : चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. अंतर वाढवा, उंची उतरवा, वळणावर गाडी जमीन धरून राहते. झाडांमधून जाणाऱ्या शर्यतीत रुंद गाडी अडते म्हणून तिथे अरुंदच बरी. मोटोक्रॉसच्या मोकळ्या ट्रॅकवर मात्र रुंदीला पर्याय नाही.

आपल्याकडे अजून क्वाडच्या मोटोक्रॉसला स्वतःचं अंगण नाही. पुणे, नाशिक इथे मातीवरच्या शर्यती होतात त्या दुचाकींच्या. जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तीही दुचाकींचीच. चार चाकं, माती आणि शर्यत यांचं आपल्या सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे याच मध्य प्रदेशातलं पीथमपूर. तिथे 2007 मध्ये बाहा एसएई इंडियाची स्पर्धा सुरू झाली. अभियांत्रिकीची मुलं स्वतः गाडी बांधून आणतात. गाडीला सांगाड्याचा पिंजरा असतो, म्हणून ती क्वाड नव्हे. पण बाहाच्या मुख्य स्पर्धेने एक गोष्ट लख्ख दाखवली. सगळ्या संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं तेच 10 अश्वशक्तीचं इंजिन असायचं. मग चार तासांच्या सहनशक्तीच्या फेरीत एक गाडी पुढे जाते आणि दुसरी मोडून बाजूला पडते, ती कशाने? वजन, सस्पेन्शन, स्टिअरिंग, टायर. म्हणजे जुळणीने. म्हणून पैसे हातात आले की आधी सायलेन्सर आणि पिस्टन बदलणाऱ्या तरुणांना मी स्पष्ट सांगतो, हे आधी कळस मग पाया झालं.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात मागच्या टायरपासून. शर्यतीच्या क्वाडच्या मागे एकच अखंड ॲक्सल असतो. मोटारीसारखं डिफरन्शियल नसतं. म्हणजे डावं आणि उजवं चाक नेहमी सारखेच फेरे घेणार. मोटोक्रॉसमध्ये मागे 18 इंची टायर वापरतात, त्याचा घेर साडेछप्पन्न इंचांच्या आसपास. दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरा आणि शिंप्याची टेप मधोमध गुंडाळून घेर मोजा. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे टायरसुद्धा सारखे निघतीलच असं नाही. अर्ध्या इंचाचा फरक असेल, तर शंभर मीटरच्या सरळ पट्ट्यात एका चाकाला जवळजवळ 90 सेंटिमीटर घसरावं लागतं. गाडी सतत लहान टायरच्या बाजूला ओढते, आणि चालवणारा बिचारा हँडल वाकडं आहे असं समजून स्टिअरिंगचा टाय रॉड फिरवत बसतो. दुकानातच टेप लावून जोडी निवडा. याला खर्च शून्य.

मग हवा. मोटारीत 30 पाउंडांच्या वर हवा असते. क्वाडच्या टायरमध्ये 5 ते 8 पाउंड. पेट्रोल पंपावरच्या गेजचा काटा एवढ्या खाली विश्वासाने वाचता येत नाही. कमी दाबाचा, अर्धा पाउंड दाखवणारा गेज वेगळा घ्यावा लागतो. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तर तो हवाच. सकाळी 30 अंशांत 5 पाउंड भरलेला टायर दुपारी 48 अंशांवर तापला की 6 च्या वर जातो. मोटारीला एवढा फरक कळणार नाही. क्वाडच्या बाबतीत ही पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढ आहे. टायर टणक होतो आणि खडबडीत वळणावर उसळतो. फेरीला निघण्याआधी, टायर गरम असताना पुन्हा मोजा.

सस्पेन्शनची मापं स्वार बसवूनच घ्यायची. हेल्मेट, बूट, छातीचं कवच, सगळं घालून. आधी गाडी ठोकळ्यावर उचलून चाकं लोंबकळती ठेवा आणि चाकाच्या मध्यापासून सांगाड्याची उंची मोजा. मग खाली उतरवा, स्वार बसवा, दोनचार वेळा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी गाडी बसली पाहिजे. लाँग ट्रॅव्हल शॉक असतील तर त्याहून थोडी जास्त. हे स्प्रिंगच्या कड्याने जुळतं. कडं फार आवळूनही गाडी बसतच असेल, तर स्प्रिंग त्या स्वाराच्या वजनाची नाही, ती बदला. त्यानंतरच शॉकचे दाबाचे (कॉम्प्रेशन) आणि परतीचे (रिबाउंड) खटके फिरवायचे. एका वेळी एकच खटका, आणि तो वहीत लिहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

पुढच्या चाकांचा टो-इनही स्वार बसलेला असतानाच बघायचा, कारण गाडी खाली बसली की चाकांचा कोन बदलतो. हँडल सरळ करून बांधून ठेवा, दोन्ही टायरच्या मध्यावर खडूची खूण करा, ॲक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून अंतर मोजा. पुढचं अंतर 3 ते 6 मिलिमीटर कमी हवं. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात. रॉड फिरवण्याआधी दोन्हीकडचे लॉकनट सैल केले नाहीत तर आटे जातात.

चेन गाडी उभी असताना ताणू नका. मागचा ॲक्सल धरणाऱ्या स्विंगआर्मची कील, पुढचं स्प्रॉकेट आणि ॲक्सल एका रेषेत येईपर्यंत गाडी दाबा; तिथे चेन सर्वांत जास्त ताणली जाते, ढील तिथे बघायची. एअर फिल्टर चंबळच्या धुळीत प्रत्येक फेरीनंतर धुऊन, पूर्ण सुकवून, तेल सारखं चोळून बसवा.

इतकं झाल्यावर इंजिनाकडे वळा. बहुतेकांना तोवर त्याची गरजच वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

सुरक्षेच्या दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. एक, नर्फ बार : पुढच्या आणि मागच्या चाकांमधली ती जाळी. तिच्यामुळे दुसऱ्याचं चाक आपल्या चाकात अडकत नाही आणि पाय मागच्या टायरखाली ओढला जात नाही. दुसरी, मनगटाला बांधायची टेदर दोरी. स्वार फेकला गेला की ती सुटते आणि इंजिन तत्क्षणी बंद पडतं. या दोन्हींशिवाय क्वाड सुरूसुद्धा करू नये.

समोर पालक बसले आहेत, त्यांना हात जोडून विनंती. सोळा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांच्या क्वाडवर बसवू नका, मागे तर मुळीच नको. शर्यतीच्या क्वाडवर दुसरी जागाच नसते. मुलांसाठी लहान इंजिनाच्या वेगळ्या क्वाड मिळतात. आणि शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना विनंती : तुमच्या कार्यशाळेत टेप, गेज, खडू आणि वही आजच आहे, नसेल तर हजार-दोन हजारांत होईल. या विषयाची आवड असलेल्या मुलांना तिथे शनिवारी दोन तास येऊ द्या. टेबलावर मी टायर आणि कमी दाबाचा गेज ठेवला आहे. ज्यांना मोजून बघायचं आहे त्यांनी पुढे यावं.