पावसाची खात्री कोण देतो?

समाजमाध्यमांच्या प्रभावावर बोलताना बहुतेक वक्ते निवडणुकीकडे वळतात. मी पेरणीकडे वळतो. चाढ्यावर मूठ कधी धरायची, हे आज आपल्या भागातल्या कितीतरी घरांत मोबाइल पाहून ठरतं.

सेलू तालुक्यातल्या पंजाबराव डखांचं नाव न ऐकलेला शेतकरी मराठवाड्यात शोधावा लागेल. व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूबच्या बळावर ते घराघरांत पोहोचले, २०२४ साली परभणीतून लोकसभेलाही उभे राहिले. त्यांच्या अंदाजांना शास्त्राचा आधार काय, असा आक्षेप हवामानतज्ज्ञांनी घेतला. तरीही लोक ऐकतात. त्यांना अडाणी ठरवून आपण मोकळे होऊ नये. डख तारीख सांगतात, जिल्ह्याचं नाव घेतात, आपल्या बोलीत बोलतात. भारतीय हवामान विभाग १८७५ पासून काम करतो. तो सांगतो, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता. म्हणजे पाऊस मोजणाऱ्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस, बाकी कोरडं. हा हिशेब प्रामाणिक आहे, पण बांधावर उभ्या माणसाला तो कुणी उलगडून सांगितला? २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी याच विभागाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, कारण अंदाजावर विसंबून पेरलं आणि पावसानं दडी मारली. भरवसा असा उडाला की दुसरा कुणीतरी ती जागा घेतोच.

ती जागा घेणाऱ्यांचा आता धंदा झाला आहे, आणि मला खरी काळजी त्याची आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. आधी आपण माहिती शोधायचो. आता ती न बोलावता येते. कोणती यावी हे ठरवणारं यंत्र आपण किती वेळ बघत राहतो ते मोजतं. यूट्यूब मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातींतून येणाऱ्या पैशातला ५५ टक्के वाटा व्हिडिओ करणाऱ्याला देतं. मग 'अजून सांगता येत नाही' असं खरं बोलणाऱ्याला शेवटपर्यंत कोण बघणार? ढगफुटीचा मथळा लावणाऱ्याकडे गर्दी होते. अंदाज चुकला तरी त्याचा पैसा त्याच्याकडेच राहतो. दुबार पेरणीचं बियाणं, खत, मजुरी मात्र कुणब्याच्या बोकांडी. हा व्यवहार मला उघड अन्यायाचा वाटतो.

कृषी विभागाचा सल्ला साधा आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. याला भविष्यवेत्ता लागत नाही, मोजलेला पाऊस लागतो. एकाच तालुक्यात पानगावात सरी कोसळतात आणि त्याच दिवशी कारेपूरच्या रानात धूळ उडते, म्हणून तो मंडळनिहायच हवा. त्यासाठी महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. ते आकडे गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर का येत नाहीत?

इथं बसलेल्या पोरांना माझी विनंती आहे. मृग लागायच्या आत एक काम हाती घ्या. सकाळी साडेआठपर्यंतचा आपल्या मंडळाचा पाऊस रोज गटावर टाका, मृगापासूनची बेरीजही द्या. शेजारी आदल्या आठवड्यात कोण काय म्हणालं होतं ते लिहा: हवामान विभाग, परभणीचं कृषी विद्यापीठ, डख, आणखी जो कुणी असेल तो. कुणाला शिवी नको, कुणाची आरती नको. पोळ्यापर्यंत हा तक्ता चालवा आणि त्या दिवशी पारावर सगळ्यांसमोर वाचा.